कर्जाचं ॲप संपर्क यादी मागतंय?

सोलापूर-हैदराबाद महामार्गावरच्या उमरग्यातही दुकानाला भांडवल हवं असलं की आधी मोबाइल उघडला जातो. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कर्जाच्या ॲपला तुमची संपर्क यादी, कॉलच्या नोंदी, फोटो पाहता येत नाहीत. कॅमेरा, लोकेशन फक्त ओळख पडताळणीपुरतं, एकदाच, तुमच्या संमतीनं. यादी मागितलीच, तर ॲप काढून टाका. वसुलीचे फोन पाहुण्यारावळ्यांना जातात ते तिथूनच. बँका-वित्तसंस्थांनी कळवलेल्या ॲपची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे.

गिऱ्हाइकांचे नंबर मोबाइलमध्ये ठेवणाऱ्या व्यापाऱ्यानंही २०२३ चा डेटा संरक्षण कायदा समजून घ्यावा. तो टप्प्याटप्प्यानं लागू होतोय, कमाल दंड २५० कोटी रुपये.

सरकारी कर्जयोजनांसाठी : जिल्हा उद्योग केंद्र, धाराशिव. ऑनलाइन फसवणूक झाल्यास लगेच : १९३०.