‘ढीग’ या शब्दाची सीमा

धान्याच्या ढिगातून एक दाणा काढला तरी ढीग ढीगच राहतो. हे तत्त्व पुनःपुन्हा लावीत गेल्यास अखेरचा एकटा दाणाही ढीग ठरतो. इ. स. पू. चौथ्या शतकातील युबुलिडीझ याच्या नावाशी निगडित असलेला हा कूटप्रश्न अनेकार्थतेहून भिन्न होय. ‘कर’ म्हणजे हात की सरकारी सारा, हे संदर्भावरून कळते. ‘ढीग’ शब्दाची सीमा मात्र कोणत्याही संदर्भाने पुरती ठरत नाही.

प्रत्येक संकल्पनेस रेखीव सीमा हवी, असा फ्रेगे यांचा १९०३ मध्ये आग्रह होता. किट फाइन यांनी १९७५ मध्ये निराळा मार्ग मांडला : ग्राह्य अशा कोणत्याही ठिकाणी सीमा आखली तरी जे विधान सत्य राहते, तेच सत्य मानावे. यामुळे ‘हा ढीग आहे किंवा हा ढीग नाही’ हे विधान सत्य राहते. परंतु सीमेवरील उदाहरणात त्याच्या दोन अंगांपैकी एकही सत्य ठरत नाही. उलट टिमथी विल्यम्सन यांच्या १९९४ मधील प्रतिपादनानुसार सीमा निश्चित असते. ती आपणांस ज्ञेय नसते, इतकेच.

पहिल्या मतात ‘किंवा’चा रूढ अर्थ सुटतो, दुसऱ्यात, भाषकांच्याच प्रयोगातून घडलेली सीमा भाषकांस अज्ञेय मानावी लागते. तर्कनियम राखण्याचे मोल दोहोंतही द्यावेच लागते.