प्राणिसंग्रहालयातील परदेशी प्राणी : उगम, प्रवास आणि नोंदींचा इतिहास
(महाराष्ट्र व गोव्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

प्राणिसंग्रहालयातील पिंजऱ्यासमोर लावलेल्या फलकावर प्राण्याचे नाव, शास्त्रीय नाव, आहार आणि आढळस्थान एवढी माहिती सामान्यतः दिलेली असते. आढळस्थान वाचून पाहणाऱ्याचा असा समज होतो की, समोरचा प्राणी त्याच प्रदेशातून येथे आणला गेला असावा. वस्तुतः प्रजातीचे आढळस्थान आणि त्या विशिष्ट प्राण्याचा उगम या दोन भिन्न बाबी आहेत. पहिली बाब भूगोलाची, तर दुसरी इतिहासाची आहे. हा प्राणी कोठे जन्मला, कोणी पकडला, कोणाकडून कोणाकडे गेला आणि कोणत्या कागदपत्रांच्या आधारे येथे पोहोचला, या प्रश्नांची उत्तरे फलकावर नसतात. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या बाबीचे विवेचन करावयाचे असून, उगमाची नोंद तुटल्यास कोणती हानी होते हे स्पष्ट करावयाचे आहे.

'परदेशी प्राणी' ही संज्ञा सापेक्ष आहे हे आरंभीच लक्षात घेतले पाहिजे. गेंडा भारतीय असला तरी पुण्यात तो दूरदेशीचाच ठरतो. या लेखात ही संज्ञा ज्या प्राण्यांचे नैसर्गिक आढळस्थान भारताबाहेर आहे त्यांच्यासाठी मुख्यत्वे वापरली आहे. तथापि ऐतिहासिक काळाचा विचार करताना तिची मर्यादा काहीशी सैल ठेवणे आवश्यक ठरते.

१. भेटवस्तू म्हणून प्राणी : गोव्याचे बंदर

आधुनिक प्राणिसंग्रहालये स्थापन होण्यापूर्वी दुर्मिळ प्राणी हे राजनैतिक भेटीचे साधन होते. गुजरातचा सुलतान दुसरा मुझफ्फरशाह याने पोर्तुगीज गव्हर्नर अफोन्सो द अल्बुकर्क यास एक गेंडा भेट दिला. जानेवारी १५१५ मध्ये गोव्याहून निघालेला हा गेंडा २० मे १५१५ रोजी लिस्बनला पोहोचला. पुढे पोपकडे भेट म्हणून पाठविला जात असता, १५१६ च्या आरंभी जहाज बुडून तो मरण पावला. आल्ब्रेख्ट ड्यूरर या जर्मन चित्रकाराने तो गेंडा प्रत्यक्ष न पाहता केवळ वर्णन व रेखाटन यांच्या आधारे काढलेले चित्र युरोपात दीर्घकाळ प्रमाण मानले गेले.

हा प्रवास एकतर्फी नव्हता. जहांगीर बादशहाचा अधिकारी मुकर्रबखान याने १६१२ मध्ये गोव्याहून काही अपूर्व वस्तू व प्राणी दरबारी आणले. त्यांत टर्की हा पक्षी होता. बादशहाने त्याचे वर्णन आपल्या आत्मचरित्रात केले आणि चित्रकार मन्सूर याने त्याचे चित्र काढले. या पक्ष्याची नावे उद्बोधक आहेत. इंग्रजीत त्यास तुर्कस्तानावरून, फ्रेंच भाषेत हिंदुस्थानावरून, तर पोर्तुगीज भाषेत पेरू देशावरून नाव मिळाले. प्रत्यक्षात हा पक्षी उत्तर अमेरिका खंडातील असून मेक्सिकोत तो माणसाळविला गेला. तात्पर्य, प्राण्याच्या नावातील देश हा त्याच्या उगमाचा पुरावा मानता येत नाही.

२. दरबारी संग्रह : पुणे आणि कोल्हापूर

सवाई माधवराव पेशव्यांच्या काळात पर्वतीच्या पायथ्याशी शिकारखाना होता. पुण्यास आलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी तेथे सिंह व गेंडा पाहिल्याचे वर्णन केले आहे. हे दोन्ही प्राणी दख्खनचे नव्हेत. म्हणजे ते दूरवरून आणवून घेतलेले असले पाहिजेत. पर्वतीच्याच परिसरात १९५३ मध्ये पेशवे उद्यान उभे राहिले, आणि तेथील प्राणी पुढे १९९९ मध्ये स्थापन झालेल्या कात्रज येथील राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात हलविण्यात आले.

कोल्हापूर संस्थानचे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. हरणांच्या शिकारीसाठी चित्ते पाळण्याची प्रथा तेथे होती. विसाव्या शतकाच्या आरंभी भारतीय चित्ता इतका दुर्मिळ झाला की, कोल्हापूर व भावनगर यांसारख्या संस्थानांनी आफ्रिकेतून चित्ते आयात केले. दिव्यभानुसिंह यांच्या संशोधनानुसार १९१८ ते १९४५ या काळात भारतात आलेल्या आफ्रिकी चित्त्यांची संख्या सुमारे २०० होती. भारतातील अखेरचे तीन चित्ते १९४७ मध्ये कोरिया संस्थानात मारले गेल्याचे मानले जाते आणि १९५२ मध्ये ही प्रजाती देशातून नष्ट झाल्याचे जाहीर झाले.

येथे नोंदींचा प्रश्न कळीचा ठरतो. त्या काळातील कोल्हापूरच्या पाळीव चित्त्याचे छायाचित्र पाहून दक्षिण महाराष्ट्रात तेव्हा रानटी चित्ते होते असा निष्कर्ष कोणी काढल्यास तो फसवा ठरेल. कारण छायाचित्रातील प्राणी आफ्रिकेतून आलेला असू शकतो. आयातीची नोंद उपलब्ध असल्यामुळेच ही चूक टाळता येते.

३. व्यापार आणि सार्वजनिक उद्याने

एकोणिसाव्या शतकात प्राणी दरबारातून सार्वजनिक उद्यानात आले. मुंबईतील व्हिक्टोरिया गार्डन्स, म्हणजेच लोकांच्या तोंडी असलेली राणीची बाग, १८६२ मध्ये खुली झाली आणि १८७३ मध्ये महानगरपालिकेच्या ताब्यात आली. आज तिचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असे आहे. याच शतकात युरोपात प्राण्यांचा संघटित व्यापार वाढला. हॅम्बुर्ग येथील कार्ल हागेनबेक हा त्यातील सर्वांत प्रसिद्ध व्यापारी होय. पिल्ले पकडण्यासाठी त्यांच्या आयांना ठार करणे ही या व्यापारातील सर्रास प्रथा होती, आणि पकडलेल्यांपैकी अनेक प्राणी वाटेतच मरत. म्हणून पिंजऱ्यात पोहोचलेल्या एका प्राण्यामागे न पोहोचलेल्या अनेकांचा इतिहास असतो, तो कोणत्याही फलकावर येत नाही.

४. राणीच्या बागेतील पेंग्विन

उगम व आढळस्थान यांतील भेद समजावून देण्यासाठी मुंबईतील हम्बोल्ट पेंग्विनांचे उदाहरण विद्यार्थ्यांना सहज पटते. या प्रजातीचे आढळस्थान पेरू व चिली यांचा किनारा आहे. परंतु जुलै २०१६ मध्ये मुंबईत दाखल झालेले आठ पेंग्विन दक्षिण कोरियातील सेऊल येथून आले. त्यांपैकी एक मादी ऑक्टोबर २०१६ मध्ये मरण पावली. मार्च २०१७ मध्ये कक्ष जनतेसाठी खुला झाला. १५ ऑगस्ट २०१८ रोजी जन्मलेले पहिले पिल्लू आठवडाभरातच दगावले. २०२१ मध्ये जन्मलेली पिल्ले मात्र जगली. या पिल्लांचे आढळस्थान फलकावर पेरू-चिलीच राहील, परंतु त्यांचा जन्म भायखळ्याचा आहे.

हम्बोल्ट पेंग्विन हा संकटग्रस्त प्रजातींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या, म्हणजे 'साइट्स'च्या, पहिल्या परिशिष्टात आहे. हा करार १९७३ मध्ये झाला आणि भारत १९७६ मध्ये त्यात सहभागी झाला. या कराराखालील परवान्यावर उगमाचे अक्षरचिन्ह असते : रानातून पकडलेल्यास 'डब्ल्यू', बंदिवासात प्रजनन झालेल्यास 'सी', जप्त केलेल्यास 'आय' आणि उगम अज्ञात असल्यास 'यू'. एका अक्षराने प्राण्याचे कायदेशीर स्थान बदलते. म्हणूनच रानातील प्राणी बंदिवासातील म्हणून दाखविण्याचा मोह व्यापाऱ्यांना होतो.

५. नोंद तुटल्यास काय होते?

याचे ठळक उदाहरण सिंहाचे आहे. अमेरिकेतील प्राणिसंग्रहालयांनी आशियाई सिंहांच्या संवर्धनासाठी प्रजनन कार्यक्रम चालविला होता. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातून असे दिसले की, त्या कळपाच्या पाच मूळ पूर्वजांपैकी दोन आफ्रिकी वंशाचे होते. अनेक पिढ्यांचे परिश्रम त्यामुळे निरर्थक ठरले. आपल्याकडेही पंजाबातील छतबीर येथे सर्कशीतून आलेल्या आफ्रिकी वंशाच्या सिंहांचा आशियाई सिंहांशी संकर झाला आणि अखेरीस त्या संकरित सिंहांचे प्रजनन थांबवावे लागले. या प्राण्यांना आयुष्यभर पोसावे लागते, परंतु संवर्धनात त्यांना स्थान उरत नाही.

वंशनोंदवही ही या समस्येवरील शास्त्रीय उपाययोजना आहे. पहिली आंतरराष्ट्रीय वंशनोंदवही युरोपीय बायसनसाठी १९३२ मध्ये प्रसिद्ध झाली. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्यातील १९९१ च्या दुरुस्तीनंतर १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले आणि प्राणिसंग्रहालयांना प्राण्यांच्या जन्म, मृत्यू व हस्तांतराची नोंद ठेवणे बंधनकारक झाले.

खाजगी मालकीच्या परदेशी प्राण्यांबाबत मात्र नोंदींची साखळी उशिरा सुरू झाली. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने जून २०२० मध्ये अशा प्राण्यांच्या ऐच्छिक घोषणेची योजना आणली. सहा महिन्यांत घोषणा करणाऱ्यास उगमाची कागदपत्रे देण्याची आवश्यकता नव्हती. २०२२ ची कायदादुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि २०२४ च्या नियमांनी नोंदणीची पद्धत निश्चित केली. नोंदणी वाढली हे स्वागतार्ह आहे. तथापि ज्या प्राण्याची नोंद त्याच्या मालकाच्या घोषणेपासूनच सुरू होते, त्याचा त्यापूर्वीचा इतिहास कायमचा पुसला जातो, हेही मान्य केले पाहिजे.

६. अभ्यासाची साधने

हा विषय प्राणिशास्त्र, इतिहास व विधी या तिन्ही विद्याशाखांचा आहे. पेशवेकाळासाठी पुण्याचे पेशवे दप्तर आणि संस्थानकाळासाठी कोल्हापूरचे पुराभिलेखागार उपयुक्त आहे. अशा दप्तरांत प्राण्याचा थेट उल्लेख न मिळाला, तरी खाद्याचा वा राखणदाराच्या वेतनाचा खर्च शोधता येतो. मात्र जुन्या मराठी शब्दांबाबत सावध राहावे. नाशिक जिल्ह्यात आजही बिबट्यास अनेक जण 'वाघ' म्हणतात, आणि 'चित्ता' हा शब्दही बिबट्यासाठी वापरला जातो. त्यामुळे केवळ शब्दावरून प्रजाती ठरविणे धोक्याचे आहे. आधुनिक काळासाठी प्राणिसंग्रहालयांच्या वार्षिक प्राणिसंख्या-याद्या, हस्तांतराचे आदेश व आयात परवाने ही साधने आहेत. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा सार्वजनिक संग्रहालयांना लागू असल्याने विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांसाठी ती मागविता येतात.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, परदेशी प्राण्यांचा इतिहास हा भेट, व्यापार आणि प्रजनन अशा तीन टप्प्यांतून घडला आहे. प्रत्येक टप्प्यात प्राणी एका हातातून दुसऱ्या हातात गेला. त्याची माहिती मात्र दरवेळी सोबत गेलीच असे नाही. नोंद नसलेला प्राणी पाहणाऱ्यास तितकाच आकर्षक वाटतो, परंतु विज्ञानास व कायद्यास तो उत्तर देऊ शकत नाही. प्राणिसंग्रहालयांनी फलकावर आढळस्थानाबरोबरच 'जन्म कोठे, आगमन केव्हा व कोठून' एवढी एक ओळ लिहिल्यास फार मोठा खर्च येणार नाही. ती ओळ लिहिता येत नसेल, तर तो प्राणी येथे का आहे हा प्रश्न विचारण्याचा अधिकार नागरिकास पोहोचतो, आणि तो विचारण्याची सवय विद्यार्थ्यांना लावणे हे महाविद्यालयांचे काम आहे.