विश्लेषण : सोसायटीच्या गच्चीवरून शनीची कडी दिसतील? पहिली दुर्बीण घेण्यापूर्वी हे वाचा

ऑनलाइन खरेदीच्या संकेतस्थळांवर ‘५२५ पट मोठे दाखविणाऱ्या’ दुर्बिणी सहज सापडतात. मुलांच्या हट्टापायी त्यातली एखादी घरी येते, चार दिवस गच्चीवर जाते आणि मग माळ्यावर पडून राहते. दोष अनेकदा मुलांच्या उत्साहाचा नसतो, चुकीच्या निवडीचा असतो. नवी मुंबईसारख्या दिव्यांच्या झगमगाटातल्या शहरात दुर्बीण घेण्यात अर्थ आहे का, घ्यायची तर कोणती आणि तिच्यातून नेमके काय दिसेल, हे समजून घेऊ.

परावर्तक दुर्बीण म्हणजे काय?

दुर्बिणीचे मुख्य काम वस्तू मोठी करणे नव्हे, तर प्रकाश गोळा करणे. भिंगाची दुर्बीण हे काम पुढच्या भिंगाने करते, परावर्तक दुर्बीण अंतर्वक्र आरशाने. हा आरसा नळीच्या तळाशी असतो. त्यावरून परत फिरलेला प्रकाश नळीच्या तोंडाजवळच्या लहान तिरक्या आरशावर पडतो आणि बाजूला लावलेल्या आयपीसमधून डोळ्यांत येतो. आयझॅक न्यूटन यांनी १६६८ मध्ये ही रचना प्रत्यक्षात आणली. स्वस्त भिंगातून चंद्राच्या किंवा गुरूच्या कडेला जांभळट रंगाची झालर दिसते. आरशात रंग असे फुटत नाहीत. शिवाय आरशाची एकच बाजू घासून चकचकीत करावी लागते. म्हणून तेवढ्याच पैशांत भिंगाऐवजी मोठ्या व्यासाचा आरसा मिळतो.

‘५२५ पट’ हा आकडा येतो कुठून?

गणित सोपे आहे. दुर्बिणीचे नाभीय अंतर भागिले आयपीसचे नाभीय अंतर म्हणजे प्रतिमा किती पट मोठी दिसेल. नाभीय अंतर ७०० मिमी असेल आणि ४ मिमीचा आयपीस लावला, तर १७५ पट. त्यात तिप्पट करणारे बार्लो भिंग जोडले की कागदावर ५२५ पट. पण आरशाच्या व्यासाच्या मिलिमीटरमधील आकड्याची दुप्पट, ही उपयुक्त मर्यादा मानली जाते. ७६ मिमीच्या आरशासाठी ती साधारण १५० पट होते. त्यापुढे प्रतिमा मोठी होते, पण तपशील वाढत नाही. मोबाइलवरचा फोटो बोटांनी ताणत गेल्यावर होतो तसाच हा धुरकट प्रकार. म्हणून खोक्यावरचा ‘पट’ नव्हे, आरशाचा व्यास पाहावा.

किती व्यासाची घ्यावी?

अंधारात पूर्ण उघडलेली डोळ्याची बाहुली साधारण ७ मिमीची असते. ७६ मिमीचा, म्हणजे तीन इंची आरसा तिच्या शंभरपटीहून अधिक प्रकाश गोळा करतो. ११४ मिमीचा, म्हणजे साडेचार इंची आरसा सुमारे अडीचशे पट. चंद्र आणि मोठे ग्रह पाहायला तीन इंच पुरतात, मात्र पुढची काही वर्षे रस टिकवायचा असेल तर साडेचार ते पाच इंच हा चांगला मध्यममार्ग. किमती दुकानागणिक बदलतात. साधारणपणे तीन इंची दुर्बीण दहा हजारांच्या आत, तर साडेचार इंची दहा ते वीस हजारांदरम्यान मिळते. पाच इंचांपुढे खिशावरचा भार वाढतो आणि लिफ्टमधून नेण्याची अडचणही.

खरेदीत फसगत कुठे होते?

पहिली जागा म्हणजे नळीची लांबी. साध्या परावर्तक दुर्बिणीत नळीची लांबी जवळपास नाभीय अंतराएवढी असते. माहितीपत्रकात १००० मिमी लिहिले आहे आणि नळी जेमतेम अर्धा मीटर आहे, तर आत जादा भिंग बसवून अंतर वाढवलेले असते. अशा स्वस्त दुर्बिणींचे आरसे जुळवणे नवशिक्याला जड जाते.

दुसरी जागा आरशाचा आकार. स्वस्त आरसे गोलाच्या तुकड्यासारखे असतात, तर उत्तम आरसे पॅराबोलिक. ११४ मिमी व्यास आणि ९०० मिमी नाभीय अंतर असेल तर गोलीय आरसाही चालून जातो. तेच अंतर ५०० मिमी असेल तर आरसा पॅराबोलिकच हवा, अन्यथा ग्रह कधीच रेखीव दिसत नाहीत.

तिसरी आणि सर्वात दुर्लक्षित जागा म्हणजे स्टँड. काटकुळ्या तिकाटण्यावर दुर्बीण ठेवली, तर फोकस करायला हात लावताच शनी हलू लागतो. अनेक दुर्बिणींसोबत वजन टांगलेले इक्वेटोरियल माउंट येते. त्याचा अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखावा लागतो. नवी मुंबई साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने ध्रुवतारा क्षितिजापासून तेवढाच वर असतो. नेरूळ किंवा खारघरमध्ये तिथे बहुतेक वेळा शेजारचा टॉवर उभा असतो. त्यामुळे वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरणारे साधे माउंट नवशिक्यांना सोयीचे. त्यातला डॉब्सोनियन हा लाकडी खोक्यासारखा प्रकार सर्वात स्थिर. सॅन फ्रान्सिस्कोतील वेदान्त सोसायटीच्या मठात राहिलेल्या जॉन डॉब्सन यांनी १९६०च्या दशकात तो लोकप्रिय केला. रस्त्यावरच्या माणसालाही आकाश पाहता यावे, हाच त्यांचा हेतू होता.

नवी मुंबईतून काय दिसेल?

चंद्र आणि ग्रह मुळातच तेजस्वी असल्याने त्यांना शहराच्या उजेडाने फारसा फरक पडत नाही. चंद्रासाठी पौर्णिमा टाळावी. अष्टमीच्या आसपास उजेड आणि अंधाराच्या सीमारेषेवर सावल्या लांब पडतात आणि सुमारे ९३ किमी रुंदीचे कोपर्निकससारखे विवर पायऱ्यापायऱ्यांचे दिसते. गुरूचे दोन पट्टे आणि गॅलिलिओने १६१० मध्ये पाहिलेले चार चंद्र दिसतात. हे चंद्र रोज जागा बदलतात, त्यामुळे मुलांना वहीत त्यांची नोंद ठेवता येते. मार्च २०२५ मध्ये शनीची कडी पृथ्वीवरून अगदी कडेने दिसत होती. आता त्यांचा कल वाढत असून २०३२ च्या सुमारास ती सर्वाधिक उघडलेली दिसतील. ८० ते १०० पट क्षमतेवर शनी आणि कडी यांमधली फट कळू शकते. वाशी ते सीवूड्स पट्ट्यात खाडीमुळे पश्चिम क्षितिज मोकळे मिळते. सायंकाळी शुक्र त्या बाजूला असेल, तेव्हा त्याच्या चंद्रासारख्या कला पाहता येतात. हिवाळ्यात कृत्तिका आणि मृग नक्षत्रातला तेजोमेघही हाती लागतो.

काय दिसणार नाही?

इंटरनेटवरची रंगीत आकाशगंगांची छायाचित्रे दीर्घकाळ प्रकाश साठवून काढलेली असतात. डोळ्याला तेजोमेघ राखाडी धुक्यासारखे दिसतात. ठाणे-बेलापूर पट्टा, पाम बीच रोड आणि खाडीपलीकडची मुंबई यांच्या उजेडात देवयानी दीर्घिका फार तर पुसट डाग वाटते. मंगळही दर २६ महिन्यांनी पृथ्वीजवळ येतो तो काळ सोडल्यास लहानसा तांबूस ठिपकाच राहतो. मुलांना हे आधीच सांगावे. अपेक्षा योग्य असेल तर पहिल्या रात्रीचा चंद्रच पैसे वसूल करतो.

गच्चीवर कोणती काळजी घ्यावी?

सर्वात महत्त्वाचे म्हणजे दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही पाहू नये. आयपीसवर लावायचे छोटे सौर फिल्टर उष्णतेने तडकू शकतात आणि क्षणात दृष्टी जाऊ शकते. असे फिल्टर मिळाले तर ते थेट फेकून द्यावेत. तारे दाखवायला हिरवा लेझर वापरण्याची हौसही आवरावी. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले आहे आणि लेझरने वैमानिकाचे डोळे दिपू शकतात.

दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उष्णता सोडतो, त्यामुळे प्रतिमा पाण्याखाली असल्यासारखी थरथरते. एसीच्या बाहेरच्या युनिटजवळ बसू नये आणि थोडे उशिरा, साडेनऊ-दहानंतर पाहावे. दुर्बीण अर्धा तास आधीच गच्चीवर नेऊन ठेवावी. आरशावर धूळ दिसली तरी फडक्याने पुसू नये, अॅल्युमिनियमच्या पातळ थरावर चरे पडतात. पावसाळ्याचे चार महिने ती सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद ठेवावी, कारण दमट हवेत आयपीसला बुरशी लागते. नळीला धक्का बसला की आरसे सरकतात. ते जुळवण्याची क्रिया, म्हणजे कॉलिमेशन, पहिल्या आठवड्यातच शिकून घ्यावी. गच्चीची किल्ली आणि रात्री थांबण्याची परवानगी सोसायटीच्या सेक्रेटरींकडून आधीच घेतलेली बरी.

विकत घेण्याआधी कुठे पाहता येईल?

दुसऱ्याच्या दुर्बिणीतून एक रात्र पाहणे हा सर्वात स्वस्त सल्ला. मुंबई परिसरातील खगोल मंडळ ही हौशी अभ्यासकांची संस्था कर्जत मार्गावरील वांगणी येथे रात्रभराचे आकाशदर्शन कार्यक्रम घेत आली आहे. नवी मुंबईकरांना ट्रान्स-हार्बरने ठाणे गाठून कर्जत लोकलने तिथे जाता येते. पुण्यात १९४४ पासून कार्यरत असलेली ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे. डॉ. जयंत नारळीकर यांनी उभारलेल्या आयुकाने विद्यार्थी-शिक्षकांसाठी दुर्बीण बनविण्याच्या कार्यशाळाही घेतल्या आहेत.

अशा कार्यक्रमात तीन, पाच आणि आठ इंची दुर्बिणींतून एकाच रात्री एकच ग्रह पाहिला, की खोक्यावरच्या आकड्यांचा मोह उतरतो. त्यानंतरही खरेदी करायचीच असेल तर तीन गोष्टी विचाराव्यात : आरशाचा व्यास किती, नाभीय अंतर आणि नळीची लांबी जुळते का, आणि स्टँड हलतो का? या तिन्हींचे उत्तर नीट न देणाऱ्या विक्रेत्याकडून दुर्बीण न घेतलेली बरी.