स्तन ग्रंथी, शेळी व मेंढी यांच्या

शेळी व मेंढी या निकटवर्ती रवंथी प्राण्यांच्या माद्यांमधील दूध निर्माण करणाऱ्या व साठविणाऱ्या ग्रंथी. दोहोंची कास मागील पायांमध्ये, जांघेत असते. गायीच्या कासेस चार सड असतात, तर या दोहोंच्या कासेचे दोन भाग असून प्रत्येकास एक सड असतो. कासेच्या दोन्ही बाजूंस त्वचेचा एकेक खळगा असणे हे मेंढीचे वैशिष्ट्य असून शेळीत तो नसतो.

सूक्ष्मरचना : दोहोंतील ऊतक (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांचा समूह) सारखेच असते. उपकला कोशिकांच्या एका थराने अस्तरित अशा असंख्य सूक्ष्म कूपिकांत दूध तयार होते. कूपिकांच्या समूहास खंडिका म्हणतात. कूपिकांभोवतीच्या संकोचनशील कोशिका पोष ग्रंथीतून येणाऱ्या ऑक्सिटोसीन या हॉर्मोनामुळे आकुंचन पावतात. त्यामुळे दूध नलिकांतून सडाच्या वरील दुग्धकुंडात उतरते. यासच पान्हा फुटणे म्हणतात. इंग्‍लंडमध्ये जे. एल. लिंझेल यांनी शेळीच्या स्तन ग्रंथीचे तिच्याच मानेत रोपण करून १९६३ मध्ये दाखविले की, मूळच्या तंत्रिका तुटल्या तरी दूधनिर्मिती चालू राहते.

साठवण : शेळीचे दुग्धकुंड प्रशस्त असून तिचे निम्म्याहून अधिक दूध बहुधा त्यातच असते, गायीत हे प्रमाण एकतृतीयांशाहून कमी असते. त्यामुळे पान्हा फुटण्यापूर्वीही शेळीचे बरेचसे दूध काढता येते. मेंढीत कुंडाचे आकारमान जातीनुसार बदलते. दुधाळ जातींत ते मोठे, तर मांसाच्या जातींत लहान असते. नाशिकची पंचवटी व तिच्या भोवतालचा प्रदेश ज्या संगमनेरी शेळीच्या मूळ क्षेत्रात मोडतो, ती दूध व मांस या दोहोंसाठी पाळतात. धनगरांची दख्खनी मेंढी मात्र लोकर व मांस यांसाठी पाळतात. तिचे दूध मुख्यत्वे कोकरांसाठी राखतात. मेंढीचे दूध अधिक दाट असून त्यात स्निग्धांश सु. ६ ते ८%, तर शेळीच्या दुधात सु. ३.५ ते ४.५% असतो.

स्रवण व रोगनिदान : शेळीत दूध स्रवताना उपकला कोशिकांच्या टोकांचे केंद्रकरहित कण सुटून दुधात मिसळतात. १ मिलि. दुधात असे कण शेळीत सरासरी सु. १.५ लाख, तर मेंढीत सु. १५ हजार आढळले आहेत. कणांची केवळ मोजदाद करणारी उपकरणे त्यांनाही कोशिका समजतात. शिवाय निरोगी शेळीच्या दुधातही पांढऱ्या कोशिका गायीपेक्षा अधिक असतात आणि दुग्धकालाच्या अखेरीस त्या आणखी वाढतात. गायीच्या दुधात १ मिलि.मध्ये २ लाखांहून अधिक कोशिका आढळल्यास कासदाहाचा (स्तनशोथाचा) संशय घेतात. हाच निकष शेळीस लावल्यास निरोगी जनावर रोगी ठरते, त्यास अकारण प्रतिजैविके दिली जातात व चांगले दूध टाकून द्यावे लागते. याबाबतीत मेंढी गायीस अधिक जवळची आहे. म्हणून शेळीचे दूध तपासताना डीएनए रंगविणाऱ्या, उदा., मिथिल ग्रीन-पायरोनीन रंजनाच्या पद्धती वापरतात. यांबरोबरच कासेची सूज, उष्णता व गाठी, दुधातील गुठळ्या आणि जंतुपरीक्षा यांचा एकत्रित विचार करून निदान करणे इष्ट ठरते.