आजारी मासा खात नाही

पेडण्यात तेरेखोल आणि शापोरा, डिचोलीत मांडवी. या नद्यांकाठच्या खाजनांत भरतीचे पाणी मानशीतून आत येते, ओहोटीला बाहेर जाते. म्हणूनच मासे पाळणाऱ्याने तळ्यात टाकलेले औषध तळ्यातच राहत नाही.

मासे मरू लागले की खाद्यात अँटिबायोटिक मिसळण्याचा मोह होतो. पण आजारी मासा आधी खाणेच सोडतो. औषध खातात ते धडधाकट मासे. उरलेले पाण्यात आणि गाळात जाते. तिथले जिवाणू त्याला सरावतात आणि खरी गरज पडते तेव्हा औषध लागू पडत नाही. १९९०च्या दशकात कोळंबीची तळी ओस पाडणारा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग तर विषाणूचा. त्यावर अँटिबायोटिकचा काडीचाही उपयोग नाही.

क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान यांना मत्स्यपालनात बंदीच आहे. तेव्हा आधी मेलेले मासे काढून पुरावेत, खाद्य आवरावे, दाटी कमी करावी, नमुना तपासून घ्यावा. रोग जिवाणूंचाच निघाला, तर तज्ज्ञ सांगतील तेच औषध, तितकेच दिवस द्यावे. त्यानंतरची ठरलेली मुदत उलटेपर्यंत मासे बाजारात नेऊ नयेत. शेवटी हुमण आपल्याच घरी शिजायचे आहे.