‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे नेमकं कुठे?

निफाडजवळच्या वावरात मामांनी उन्हाळ कांदा काढून ठेवला होता. ओळीने पसरलेला, एका ओळीच्या कांद्यावर दुसऱ्या ओळीची पात घातलेली, ऊन थेट लागू नये म्हणून. पात सुकली की कापायची आणि माल चाळीत भरायचा. दुपारी तीनला वारा एकदम पडला. पूर्वेकडून काळं आभाळ चढलं, मातीचा वास आला, आणि आम्ही घरातून ताडपत्री ओढत बांधावर पोचेपर्यंत टपोऱ्या थेंबांनी सगळी पात भिजवून टाकली. वीस मिनिटांत खेळ आटोपला. पलीकडच्या शिवारात धूळसुद्धा बसली नव्हती. ओला कांदा हातात घेऊन मामा म्हणाले, “मोबाइलवर ‘तुरळक ठिकाणी’ लिहिलं होतं ना रे? मग ते तुरळक आमच्याच वावरात कसं आलं?”

मार्च ते मे या तीन महिन्यांत हा प्रश्न महाराष्ट्रात गावोगावी विचारला जातो. याच दिवसांत गहू-हरभरा खळ्यावर असतो, द्राक्षं वेलीवर, हळद वाळवणीला आणि हापूस झाडावर. म्हणून अंदाजाची भाषा नीट समजून घेणं ही आपल्या पोटापाण्याची गोष्ट आहे.

आभाळ भरतं कसं?

जमीन तापली की तिला लागून असलेली हवा हलकी होऊन वर जाते. पण नुसत्या उन्हाने पाऊस पडत नाही. तसं असतं तर जळगाव-अकोल्यात मे महिन्यात रोज पडला असता. हवेत ओल लागते. ती बंगालच्या उपसागरावरून आणि अरबी समुद्रावरून येते. या दोन्हीकडचे वारे जिथे समोरासमोर येतात, तिथे बऱ्याचदा विदर्भ-मराठवाड्यापासून कर्नाटकमार्गे थेट तमिळनाडूपर्यंत कमी दाबाचा लांबट पट्टा तयार होतो. तो पूर्वेला किंवा पश्चिमेला सरकेल तसा पाऊसही सरकतो.

फेब्रुवारी-मार्चमध्ये यात आणखी एक पाहुणा येतो. भूमध्य समुद्राकडून उत्तर भारतात येणारे पश्चिमी चक्रावात कधी कधी आपल्या डोक्यावरही थंड हवा आणून सोडतात. खाली तापलेली ओलसर हवा, वर गार हवा, असा जोड जमला की ढग बारा-पंधरा किलोमीटरपर्यंत उभा वाढतो. साधारण पाच किलोमीटरच्या वर तापमान शून्याखाली असतं. वर जाणारा झोत जोरदार असेल, तर तिथला बर्फाचा कण खाली पडू शकत नाही. झोत त्याला अधांतरी धरून ठेवतो आणि त्याच्यावर गोठत्या पाण्याचे थर चढत जातात. मोठी गार मधोमध फोडून पाहा. एक थर दुधी, एक थर काचेसारखा, अगदी कांदा चिरल्यासारखे. गार झोताला पेलवेनाशी झाली की खाली येते. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाडा, विदर्भ आणि मध्य महाराष्ट्रात दिवसामागून दिवस झालेल्या गारपिटीने रब्बी आणि फळबागा झोडपल्या, तो घाव शेतकरी अजून विसरलेले नाहीत.

ढगातून कोसळणारी गार हवा जमिनीवर आपटून चहूकडे पसरते, तेव्हा पावसाच्या आधी सोसाट्याचा वारा येतो. १३ मे २०२४ रोजी मुंबईत अशाच धुळीच्या वादळात घाटकोपरला महाकाय जाहिरात फलक कोसळला आणि सतरा जणांचे प्राण गेले.

विभागागणिक तऱ्हा

मार्चमध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उत्तर महाराष्ट्राने गारांकडे लक्ष ठेवावं. एप्रिल-मेमध्ये वळवाचा जोर कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या पट्ट्यात जास्त दिसतो. दुपारपर्यंत ऊन, चारनंतर गडगडाट, रात्री चांदणं, असा तिथला शिरस्ता. कोकण किनाऱ्यावर समुद्रावरून येणारा वारा जमिनीला फार तापू देत नाही, त्यामुळे ढग घाटमाथ्यावर उभे राहतात आणि पायथ्याच्या गावांना गाठतात. मे सरता सरता वळीव आणि मोसमी पाऊस यांतली सीमा पुसट होते. २०२५मध्ये तर ११ जूनच्या आसपास मुंबईत येणारा मोसमी पाऊस २६ मेलाच दाखल झाला.

अंदाज वाचायचा कसा?

आता मामांच्या प्रश्नाकडे. हवामान विभागाच्या भाषेत ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या विभागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर पाऊस. ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५० टक्के, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे ५१ ते ७५ आणि ‘बहुतांश ठिकाणी’ म्हणजे त्याहून अधिक. हे शब्द पाऊस किती जागी पडेल ते सांगतात. तो किती जोराचा असेल, ते सांगत नाहीत. तुरळक पाऊस ज्या वावरात पडतो, तिथे तो धो धो असू शकतो.

मग गावाचं नाव आधी का सांगता येत नाही? चुलीवर आधण ठेवलं की पाणी उकळणार हे नक्की, पण पहिला बुडबुडा कुठून उठेल ते कोण सांगणार? वळवाचा ढगही काही किलोमीटरचाच, आणि तासाभरात संपणारा. म्हणून अंदाज तीन पायऱ्यांनी पाहावा. पाच दिवसांच्या जिल्हावार इशाऱ्यावरून काढणीचा दिवस ठरवा. सकाळच्या इशाऱ्याच्या रंगावरून तयारी करा: पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा, लाल म्हणजे तातडीने हालचाल करा. आणि दुपारी, रडारवर ढग दिसू लागल्यावर निघणारा तीन तासांचा तात्काळ इशारा पाहा. गावाच्या सर्वांत जवळ जातो तो हाच.

विजेपुढे धाडस नको

देशात दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसं वीज पडून दगावतात. त्यांत शेतात राबणारे फार. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आसपास पडणाऱ्या विजांची सूचना देतं. ते नसेल तर कान आहेतच. लखलखाट दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि तीनने भागा, तेवढे किलोमीटर वीज दूर. पण गडगडाट ऐकू आला म्हणजे तुम्ही तिच्या टप्प्यात आलात, हे धरूनच चाला. झाडाखाली थांबू नका, पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. वीज लागलेल्या माणसाच्या अंगात प्रवाह उरत नाही. त्याला हात लावा, श्वास थांबला असेल तर छाती दाबायला लगेच सुरुवात करा. लोक बिचकून दूर उभे राहतात आणि वाचणारा जीव जातो.

‘तुरळक’ची टक्केवारी मी मामांना समजावली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली. दुसऱ्या दिवशी इशारा पुन्हा पिवळा होता, शब्दही तेच. आभाळ निरभ्र असताना सकाळी आठलाच त्यांनी ताडपत्री बांधावर आणून ठेवली, चार कोपऱ्यांना चार दगड ठेवले आणि मला म्हणाले, “तुरळक म्हणजे आपलंच वावर, असं धरून चालायचं.”