जुन्या गाडीचा आवाज : दहा हजारांत काय जमतं



आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरातला आहे. गाडी जुनी, टेप खरखरतो, दुकानात गेलं की तीस-चाळीस हजारांचा आकडा कानावर येतो आणि खिशात असतात आठ-दहा हजार. मग पैसे घालायचे कुठे? मी हे काम एकाच गाडीत दोनदा केलं. पहिल्यांदा साफ चुकलो, म्हणून आधी तीच गोष्ट सांगतो.

आमची गाडी म्हणजे बाबांनी २००८ साली घेतलेली पेट्रोल स्विफ्ट. पंधरा वर्षं भरली तेव्हा आरसी आणखी पाच वर्षांसाठी वाढवून घेतली, कारण इंजिन ठणठणीत आहे आणि बाबा ती विकू देत नाहीत. (दिल्ली आणि आसपासच्या मंडळींनी गाडीच्या वयाचे तिथले नियम आधी पाहावेत, मगच तिच्यावर खर्च करावा.) आम्ही इंदूरला राहतो आणि वर्षातून चार-पाच वेळा आग्रा रोडनं सेंधवा, शिरपूर, धुळे करत नाशिकला जातो. वाटेत बाबांना अभंग आणि नाट्यपदं लागतात. पण गाडीनं ऐंशीचा वेग घेतला की त्यांना शब्द कळेनासे होत. "जरा मोठा कर" म्हणायचे. मोठा केला की आवाज फाटायचा. मग म्हणायचे, "राहू दे, बंद कर, डोकं दुखतं." आणि पुढचा सगळा रस्ता आम्ही दोघं गप्प.

मी दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "भाईसाब, बेसट्यूब लगवा लो, गाड़ी हिल जाएगी." साडेसहा हजार मोजले. गाडी हलली हे खरं, पण डिकीतून नुसती धडधड यायला लागली आणि उरलेसुरले शब्दही तिच्याखाली गेले. बॅगा ठेवायची जागा गेली ती वेगळीच. सगळ्यात वाईट गोष्ट वर्षभरानं कळली. बॅटरीपासून डिकीपर्यंत नेलेल्या जाड वायरीला फ्यूजच नव्हता, आणि इंजिनच्या मागच्या पत्र्यातून ती रबरी ग्रोमेट न लावता ओढली होती. पत्र्याच्या धारेवर घासून तिचं वरचं आवरण अर्धं गेलं होतं. ते पूर्ण गेलं असतं तर बॅटरी थेट बॉडीला शॉर्ट झाली असती, आणि मध्ये तोडायला काहीच नव्हतं. तुमच्या गाडीत वेगळा अ‍ॅम्प्लिफायर असेल तर आजच बॉनेट उघडून पाहा : बॅटरीपासून वीतभर-दीड वीत अंतरावर फ्यूज हवाच.

बेसट्यूब दोन हजारांना विकली आणि शांतपणे विचार केला, की बाबांना ऐकू नक्की काय येत नाही?

बोलण्यातला शब्द ओळखू येतो तो स, श, च, त अशा व्यंजनांमुळे. त्यांचा आवाज दोन हजार हर्ट्झच्या वर, उंच पट्टीत असतो. वय वाढलं की कानाचं ऐकणं याच पट्टीत आधी कमी होतं. त्यातून उंच पट्टीचा आवाज टॉर्चच्या झोतासारखा सरळ जातो. समोर काही आलं की अडतो. आमच्या गाडीतले स्पीकर दाराच्या तळाशी, नडगीच्या पातळीवर. म्हणजे जो आवाज बाबांच्या कानाला हवा होता, तो त्यांच्या धोतरात आणि पायाखालच्या मॅटमध्ये जिरत होता! दुसरीकडे टायरची आणि रस्त्याची घरघर असते खालच्या पट्टीत. ती तबल्याच्या डग्ग्याला आणि तंबोऱ्याच्या खर्जाला झाकून टाकते. वरचं जिरलेलं, खालचं झाकलेलं. मधलं तेवढं कर्कश उरलेलं. त्यावर आवाज वाढवून काय होणार?

काहीही विकत घेण्याआधी बिनपैशाच्या दोन तपासण्या करा. स्टिरिओमधल्या बॅलन्स आणि फेडरनं एका वेळी एकच स्पीकर चालू ठेवून ओळखीचं गाणं ऐका. कोणता फाटका आहे ते लगेच कळतं. फाटका सापडला की दाराचं पॅड काढून कोनाच्या कडेची गोल पट्टी बोटानं हलकेच दाबा. जुन्या स्पीकरात ती फोमची असेल तर आपल्याकडच्या उन्हानं आणि दमटपणानं तिचा भुगा झालेला असतो.

दुसरी तपासणी उलट्या वायरीची. डाव्या-उजव्या स्पीकरांपैकी एकाच्या वायरी उलट जोडल्या असतील तर एकाचा कोन बाहेर येताना दुसऱ्याचा आत जातो आणि दोघं मिळून एकमेकांचा खर्ज खाऊन टाकतात. स्टिरिओचा कपलर काढून त्या स्पीकरच्या वायरींना दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवा. सेलची धन बाजू स्पीकरच्या धन वायरीला लागली की कोन बाहेर उसळला पाहिजे. माझ्या गाडीत डाव्या दाराचा आत जात होता. कोण जाणे किती वर्षं! वायरी सरळ केल्या आणि एक रुपया न घालता डग्गा परत आला. तुमचं काम इथेच भागलं तर उरलेला भाग पुढे केव्हातरी वाचा.

आता दाराकडे येऊ. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण दुकानात याविषयी कोणी बोलत नाही.

स्पीकरचा कोन पुढे हवा ढकलतो तेव्हा त्याच्या पाठीमागे तेवढीच हवा ओढली जाते. ही पुढची आणि मागची लाट एकमेकांना भेटली की खालच्या पट्टीत दोन्ही नाहीशा होतात. म्हणून घरच्या स्पीकरला बंद खोकं असतं. गाडीत दार हेच खोकं. पण पॅड काढून पाहा : आतल्या पत्र्याला हात जाईल एवढी मोठी भोकं, वर एक प्लॅस्टिकचा कागद, तोही अर्धा निघालेला. म्हणजे खोक्याला एक बाजूच नाही. शिवाय बाहेरचा पत्रा पातळ. बोटानं टिचकी मारली तर डब्यासारखा वाजतो. अशा दारात पंधरा हजारांचा स्पीकर बसवलात तरी तो डबाच वाजवणार.

उपाय म्हणजे ब्युटाइल रबराची, वरून अ‍ॅल्युमिनियमचा थर असलेली शीट. दुकानात डॅम्पिंग शीट म्हणून मिळते. स्पीकरच्या भोकातून हात घालून तिचे तुकडे बाहेरच्या पत्र्याला आतून चिकटवायचे. पूर्ण पत्रा झाकायची गरज नाही. मधला मोठा भाग आणि स्पीकरच्या बरोबर मागची जागा पुरते. मग आतल्या पत्र्याची भोकं त्याच शीटनं बंद करायची. मोठ्या भोकावर आधी पातळ अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा ठेवून वर शीट लावली तर ती आत धसत नाही. स्वस्त म्हणून गच्चीची डांबरी पट्टी वापरू नका. मे महिन्यात नागपुरात किंवा हैदराबादेत उन्हात उभी राहिलेली गाडी, आणि दारातून ओघळणारं डांबर! वास तर महिनाभर जात नाही.

आणि एक गोष्ट कधीही करू नका : दाराच्या तळाशी असलेली बारीक भोकं बुजवू नका. काचेच्या कडेनं पावसाचं पाणी दारात उतरतंच आणि त्या भोकांतून बाहेर जातं. ती बंद झाली की पहिल्याच पावसाळ्यात दारात डबकं आणि पुढच्या वर्षी गंज. कोकणातल्या आणि मंगळूर-गोव्याच्या मंडळींना हे वेगळं सांगायला नको. त्याच कारणानं स्पीकरखालची रिंग एमडीएफची असली तर ती पाणी पिऊन फुगते. वॉर्निशचे दोन हात दिलेली प्लायवूडची किंवा सरळ प्लॅस्टिकची घ्यावी. रिंग आणि पत्रा यांच्यात फट राहू देऊ नका, नाहीतर वर केलेला सगळा उद्योग त्या फटीतून निघून जाईल.

स्पीकर कोणता? मी साडेसहा इंची कंपोनंट जोडी घेतली, म्हणजे खर्जाचा स्पीकर दारात आणि ट्वीटर वेगळा, वर. ट्वीटर आरशाजवळच्या तिकोनी प्लॅस्टिकवर बसवले, कानाच्या पातळीला आणि थोडे आत वळवून. बाबांच्या शब्दांचा प्रश्न खरा सुटला तो इथे. बजेट कमी असेल तर कोॲक्सियल घ्या, ज्यात ट्वीटर मध्येच असतो. मागच्या दोन स्पीकरना हात लावायचा नाही. मागे बसणाऱ्यांपुरते ते ठीक आहेत. गाडीप्रमाणे स्पीकरची जागा आणि खोली बदलते, तेव्हा काच पूर्ण खाली करून आत किती जागा उरते ते मोजूनच बाजारात जा.

खोक्यावरच्या वॅटना भुलू नका. स्टिरिओवर "५० वॅट गुणिले ४" लिहिलेलं असतं, ते क्षणभराचं शिखर. इंजिन चालू असताना गाडीत मिळतात सुमारे चौदा व्होल्ट. त्यातून चार ओमच्या स्पीकरला सतत पंधरा ते वीस वॅट मिळाले तरी खूप झालं. म्हणून स्पीकरवर सेन्सिटिव्हिटीचा आकडा पाहा. तो डेसिबलमध्ये असतो, आणि तीन डेसिबल जास्त म्हणजे दुप्पट वॅट दिल्यासारखं. वेगळा अ‍ॅम्प्लिफायर घेणार नसाल तर नव्वद किंवा त्याहून वरचा शोधा. तीनशे वॅट लिहिलेला पण ८६ डेसिबलचा स्पीकर आपल्या कामाचा नाही.

स्टिरिओबद्दल थोडक्यात. जुन्याला ऑक्सची पिन असेल आणि तो नीट चालत असेल तर पाच-सहाशेचा ब्लूटूथ रिसीव्हर लावून मोकळे व्हा. एफएमवरून गाणं पाठवणारं यंत्र घेऊ नका. एफएममध्ये पंधरा हजार हर्ट्झच्या वरचं कापलं जातं आणि मोठ्या शहरात मोकळी जागाही सापडत नाही. माझा स्टिरिओ मेलाच होता, म्हणून साधा ब्लूटूथवाला घेतला. मोठा टचस्क्रीन घेतला असता तर सगळं बजेट काचेत गेलं असतं.

वायरिंग करताना गाडीची मूळ वायर कापू देऊ नका. त्या मॉडेलचा कपलर शे-दीडशेला मिळतो. बाजारातल्या बहुतेक स्टिरिओत पिवळी वायर कायम करंटची, लाल चावीची, काळी अर्थची. पांढरी पुढच्या डाव्या स्पीकरची, करडी उजव्या. हिरवी मागच्या डाव्या, जांभळी उजव्या. काळी रेघ असली की ती ऋण. फार जुन्या काही गाड्यांत स्पीकरची ऋण वायर बॉडीला जोडलेली असते. तिथे नवा स्टिरिओ तसाच लावला तर जळतो, स्पीकरपर्यंत नव्या दोन वायरी ओढाव्या लागतात.

खर्च सांगतो : स्पीकर ३,९००, स्टिरिओ ३,२००, शीट १,६००, रिंगा ३००, कपलर १५० आणि मजुरी ७००. एकूण ९,८५०. दारं मी आणि मुलानं दोन रविवारी घरीच केली, नाहीतर मजुरी वाढली असती. हातात दोन हजारच असतील तर मी आजही आधी दारं करीन आणि स्पीकरसाठी सहा महिने थांबेन. कोलकात्याची चांदनी चौक, चेन्नईची रिची स्ट्रीट, बेंगळुरूचा एसपी रोड, आपला लॅमिंग्टन रोड, कुठेही घ्या, पण पक्कं बिल मागा. नामांकित कंपनीची नक्कल सर्रास मिळते आणि बिल मागितलं की भाव बदलतो.

शेवटी सेटिंग. बेस आणि ट्रेबल शून्यावर, लाउडनेस बंद, फेडर पुढे. स्टिरिओत हाय-पास फिल्टर असेल तर पुढच्या स्पीकरना ८० हर्ट्झवर लावा. जो खर्ज त्यांना झेपत नाही तो त्यांच्याकडे जातच नाही आणि आवाज वाढवला तरी फाटत नाही.

त्यानंतर दिवाळीत नाशिकला निघालो. सेंधव्याच्या घाटात बाबांनी आवाज कमी करायला सांगितलं. मला वाटलं, पुन्हा डोकं दुखतंय. तर म्हणाले, "या ओळीत मी इतकी वर्षं भलताच शब्द म्हणत होतो रे. पुन्हा लाव." आता उजव्या दाराच्या पॅडची एक क्लिप तुटल्यामुळे खर्जाला किरकिर येते. क्लिपचं पाकीट ऐंशी रुपयांना आहे. तुम्ही पॅड काढायला बसाल तेव्हा आधीच आणून ठेवा, त्या जुन्या क्लिपा तुटतातच.